कॉलेजचं घर बघायला

२ जून १९३८, रनाळे

दादाची प्रमिला पास! मॅट्रिक! रमजानभाई नंदुरबारहून वर्तमानपत्र घेऊन आले आणि गाडीतून उतरायच्या आधीच ओरडायला लागले. दादा रडला. लोटन पाटील, ज्याचा आवाज नदीपलीकडे जातो, तो माझा भाऊ ओट्यावर बसून हुंदके देत होता. वहिनी मात्र गप्प होती. तिच्या डोळ्यांपुढे शहाद्याच्या रतिलालशेठचं घर आहे, केळीचा मळा आहे, आणि त्यांचा थोरला मुलगा आहे. त्यांचा मागणीचा निरोप आखाजीच्या सणापासून येऊन पडलाय.

प्रमिलाला कॉलेजात जायचंय. दादाची ना नाही. पण आमच्याकडे एकट्या दादाच्या हो म्हणण्याने काय होतंय! भाऊबंद बसतील तेव्हा खरं.

४ जून

भाऊबंद बसले.

भाऊबंदांतले थोरले पितांबर आप्पा, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पान लावलं, आणि एकच विचारलं: "घर दख्याशिवाय पोर देस का कोनी?"

दादाने समजावलं — आप्पा, हे सासर नाही, कॉलेज आहे. आप्पा म्हणाले, पोर चार वर्षं त्या छपराखाली झोपणार, त्यांचं दाणा-पाणी खाणार, त्यांच्या कर्त्या माणसाचं ऐकणार. मग सासर अजून वेगळं काय असतं?

ठरलं ते असं. हिंदुस्थानात नावाजलेली जी कॉलेजं आहेत त्यांतली जमतील तेवढी घरं बघायची. एक जरी पसंत पडलं तर पोर तिकडे. नाही पडलं तर आषाढाच्या आत शहाद्याची सुपारी. त्यानंतर कुणी तोंड उघडायचं नाही.

घर बघायला पितांबर आप्पा, विहिरीचं पाणी चाखायला दोधूकाका, मुलीचा बाप म्हणून दादा, आणि मध्यस्थ म्हणून रमजानभाई — कापडाच्या व्यापारापायी ते सुरत, बडोदा, मुंबई हिंडलेत, आणि मध्यस्थाशिवाय स्थळ बघायला गेलं तर लोक हसतात म्हणे. मंडळी बाहेरचं खात नाहीत, म्हणून भाकरी थापायला मी.

५ जून

प्रमिला माझ्यामागे गोठ्यात आली. म्हणाली, "फुई, तू आतमा जाईसन दखजो व. त्या नुसती हेर दखतीन."

मी तिची आत्या, हो म्हटलं; आत जाईन, त्यांच्यासारखी नुसती विहीर बघणार नाही. बाकीचं तिला कशाला सांगू? वहीला सांगते. मी नऊ वर्षांची असताना माझं घर बघायला हेच दोघे गेले होते, आप्पा आणि दोधूकाका. परत आले तेव्हा गावभर कौतुक — हेर बारमाही, बैल गुजराती, घराला सागाचे खांब! मुलगा तेवढा मामाकडे गेलाय असं कळलं, यांनी मान डोलावली. तो मामाकडे नव्हता. आतल्या खोलीत खोकत पडला होता. मी नांदायला जायच्या आधीच गेला. त्याचं तोंड मी नीट पाहिलेलं नाही, आणि त्याच्या नावाने आज वीस वर्षं पांढरं कपाळ घेऊन दादाच्या घरी भाकरी थापतेय. प्रमिला लहान होती तेव्हा ती मोठ्याने धडे घोकायची, मी चुलीपाशी बसून ऐकायची, राखेत तिची अक्षरं गिरवायची — तेवढंच माझं शिक्षण.

मला राग आहे. अजून आहे. पण दोधूकाका समोर आले की मी वाकून नमस्कार करते, कारण ते खरंच भले गृहस्थ आहेत!

१४ जून, गाडीत

नंदुरबारला गाडीत बसलो. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. दोधूकाकांनी घरच्या विहिरीच्या पाण्याची कळशी बरोबर घेतलीय. नवं पाणी चाखायच्या आधी जुन्याने तोंड धुवायचं असतं! डब्यातल्या एका माणसाला तहान लागली तर काकांनी कळशी मांडीवर घेतली आणि त्याला खिडकीबाहेरची तापी दाखवली.

१५ जून, बडोदे

काय ते कॉलेज! आणि काय तो घुमट! मी मान वर करून बघत राहिले तर पदर कधी खाली गेला ते कळलं नाही. आमच्यासारखी आणखीही माणसं बघायला आलेली होती. एक नवरा-बायको तर पायरीला हात लावून नमस्कार करत होती.

आप्पा मात्र कामाला लागले. काठीने भिंत ठोकली. कान लावला. पुन्हा ठोकली. "भीत भक्कम शे," म्हणाले. मग आत जाऊन घराचे खण मोजायला लागले तर घुमटाखाली मधे खांबच नाही! आप्पा चारी बाजूंनी फिरले. एवढं मोठं छप्पर आणि त्याला धरून ठेवणारं कुणी नाही? त्यांचा चेहरा पडला.

दारावरच्या शिपायाला पट्टा होता, मिशा होत्या, त्यामुळे आप्पांना तोच घरचा वडीलधारा वाटला. त्याला बाजूला घेऊन विचारलं, घरात माणसं किती, खाणं-पिणं कसं, भांडणतंटा? रमजानभाईंनी गुजरातीतून विचारून दिलं. शिपाई म्हणाला, सुट्टी आहे, सगळे आपापल्या गावी गेलेत, साहेबही नाहीत.

बाहेर हिरवळीवर आम्ही शिदोरी सोडली. माळी आला, रागाने काहीतरी बोलला. आप्पांनी त्याला बसवलं आणि भाकर दिली. त्याने खाल्ली. ठेच्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते आप्पांना माया वाटली.

निकाल मात्र नापसंत. कर्ता माणूस घरी नसताना सोयरीक बोलायची नसते.

दादाने एका फोटोवाल्याकडून सगळ्यांचा फोटो काढवला, मागे घुमट. मला बाजूला उभं केलं होतं. घुमट पुरा यावा म्हणून फोटोवाल्याने मला आणखी सरकवलं.

१८ जून, मुंबई

रमजानभाईंच्या एका नातेवाइकाकडे, अन्वरभाईंकडे, उतरलोय. त्यांच्या घरच्या सलीमाबी फार चांगल्या. आमच्यासाठी कोरी भांडी काढून दिली, वेगळी चूल मांडून दिली आणि वर मलाच विचारलं, "बाई, ये बुजुर्ग लोग किसका रिश्ता देख रहे हैं?" मी सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून इतकं हसल्या की मीही हसले. किती दिवसांनी!

युनिवर्सिटी बघितली. तो घड्याळाचा मनोरा! त्याच्या पायाशी उभं राहिलं की आपण कुणीच नाही असं वाटतं. शेंगदाणेवाला सांगत होता, सगळ्या इलाख्यातली कॉलेजं हिच्या हाताखाली. आप्पा एकदम सावरून उभे राहिले. म्हणजे हे सगळ्यांचं थोरलं घर!

पण चूल सापडेना. आप्पा आणि काका सगळी इमारत हिंडले. मोठे दिवाणखाने, रंगीत काचा, पुस्तकांची कपाटंच कपाटं. चूल नाही, जातं नाही, पाण्याची जागा नाही. एका कारकुनाला विचारलं, "बी.ए.ची मुलगी जेवते कुठं?" त्याने चष्मा काढून पुसला. रमजानभाईंनी चौकशी केली तेव्हा कळलं — इथे कुणी राहत नाही. इथे परीक्षा घेतात आणि पदव्या वाटतात.

आप्पा म्हणाले, मग हे घर नाहीच, हा लग्नाचा मांडव आहे. मांडवात पोर ठेवत नाहीत.

शिवाय ते घड्याळ पाव-पाव तासाने वाजतं. दोधूकाका म्हणाले, अशी सतत वेळ सांगणारी सासू असली तर कुठली सून टिकेल? नापसंत.

आता पुणे राहिलं. मनात सारखं शहाद्याच्या मुलाचं येतं — त्यालासुद्धा अजून कुणी पाहिलेलं नाही! मळ्यावर गेलाय असं सांगतात.

२१ जून, पुणे

आज सगळं लिहायचं आहे. हात दुखला तरी लिहीन.

मुलींचं कॉलेज. सुट्टी संपून कालच उघडलंय. आवारात मुलीच मुली, कुणी सायकलवर, कुणी पुस्तकं छातीशी धरून. आप्पा फाटकातच थबकले. पागोटं सारखं करून म्हणाले, घर भरलेलं आहे. इथवर ठीक.

मग नेहमीचं सुरू. आप्पा भिंती ठोकत वसतिगृहाला वळसा घालायला लागले. आतून एका मुलीने खिडकी उघडली आणि विचारलं, कोण आहे? आप्पांनी गंभीरपणे सांगितलं, "पोरना आजा." तिने खिडकी लावून घेतली. दोधूकाकांना नळ दाखवला तर त्यांनी तोंड फिरवलं. नळाला चव कुणाची ते काय कळणार, हेर दाखवा. मागच्या अंगाला एक जुनी विहीर निघाली. काकांनी पोहरा सोडला, आपल्या कळशीतल्या शेवटच्या पाण्याने चूळ भरली, मग ते पाणी तोंडात घोळवत डोळे मिटून उभे राहिले. आजूबाजूला वीसेक मुली जमल्या. कुणी हसेना. सगळ्या श्वास धरून! काका म्हणाले, "गोड शे," आणि पोरींनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या ऐकून रेक्टरबाई बाहेर आल्या. वसतिगृहाच्या त्याच कर्त्या. ठेंगण्या, चष्मा, पदर खोचलेला. आता हाकलतात, असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, मंडळी कुठली? रमजानभाई पुढे झाले, हात जोडले, आणि सरळ रीतीप्रमाणे बोलले — पश्चिम खानदेशातलं चांगलं घराणं आहे, मुलगी मॅट्रिक आहे, स्थळ बघायला आलोय, मी मध्यस्थ.

रेक्टरबाई आमच्याकडे बघत राहिल्या. मग आत वळून म्हणाल्या, "सतरंजी टाका. गूळ-पाणी आणा."

गूळ-पाणी! आप्पांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. इतक्या घरांत हे पहिलं घर, ज्याला रीत ठाऊक होती.

बसल्यावर आप्पांनी विचारलं, घरात कर्ता कोण? बाई म्हणाल्या, मी. चूल? दाखवते. वाटण्या झाल्यात का? बाई म्हणाल्या, आमच्याकडे वाटण्या होत नाहीत, सगळं मुलींचं सामाईक. आप्पांनी दोधूकाकांकडे बघितलं. भाऊबंदकीत ज्यांचा जन्म गेला त्यांना हे ऐकून घरी जावंसंच वाटेना.

मग बाई म्हणाल्या, "तुम्ही आमचं घर पाहिलंत. आमची मुलगी कुठाय?"

मुलगी तर रनाळ्यात! मुलगी न दाखवता सोयरीक बोलायला आलो, ही आमचीच चूक. आप्पा खाली बघायला लागले. दादाने प्रमिलाचे गुण सांगितले, गणितातले सुद्धा. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचार करते म्हणाल्या. आता ते घरच आम्हाला पारखत होतं!

मी उठले. प्रमिलाला शब्द दिला होता ना! कुणी विचारलं तर चूल बघतेय म्हणणार होते.

लांब पडवी, ओळीने खोल्या. एका दाराशी थांबले. आत एक मास्तर शिकवत होते, म्हातारे, कोटाला खडू लागलेला. फळ्यावर काय होतं ते मला कळलं नाही. ते काहीतरी म्हणाले, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, मला तसं वाटत नाही."

आता तिचं काही खरं नाही.

मास्तरांनी खडू खाली ठेवला. म्हणाले, "बरं. तुम्हाला काय वाटतं?" आणि थांबले! ती शोधत-शोधत बोलली, मधे अडखळली, ते थांबूनच राहिले. सगळा वर्ग थांबला. शेवटी म्हणाले, अर्धं तुमचं बरोबर आहे.

मी उभी होते तिथेच खाली बसले. माझ्या आयुष्यात कुणी मला काय वाटतं विचारलं नाही. विचारून थांबण्याची तर गोष्टच सोडा. माझं लग्न ठरलं तेव्हा नाही, कपाळ पुसलं तेव्हा नाही. मी रडत होते. दाराजवळच्या मुलीने मला बघितलं, बाकावर सरकली आणि हाताने थोपटून जागा दाखवली. मी बसले. घंटा होईपर्यंत बसले!

परत आले तर मंडळी चिंचेखाली विचाराला बसलेली. भिंत पसंत, पाणी पसंत, चूल पसंत. तरी आप्पा अडलेले. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "जमना, तू आतमा गयतीस ना. काय दखं?"

मी सांगितलं, या घरात मुलीने "मला तसं वाटत नाही" म्हटलं तर कुणी अंगावर येत नाही. थांबतात. ऐकून घेतात.

आप्पांनी काठी बाजूला ठेवली. मग आप्पा हळू म्हणाले, "त्या येळले आम्ही आतमा गयात नही, माय."

बस्, एवढंच. माझा राग कुठे गेला? गेला नाही. पण त्याची जागा हलली.

रेक्टरबाईंनी हो म्हटलं. आप्पा म्हणाले, मग सुपारी फोडू. कॉलेजात सुपारी कुठली! शिपाई पळत जाऊन घेऊन आला. बाईंच्या टेबलावरच्या दगडी वजनाने आप्पांनी ती फोडली, एक खांड बाईंना, एक मध्यस्थाला, बाकी आम्ही खाल्ली. बाईंनी सुपारी तोंडात टाकली तेव्हा त्यांचे ओठ हसू आवरत होते, पण डोळे भरले होते. मी पाहिलं.

सुपारी फुटली. आता भाऊबंदांत कुणाच्या बापाला मोडता येत नाही!

२६ जून, रनाळे

शहाद्याची मंडळी आली. आप्पांनी ओट्यावरच सांगितलं, "पोर दिधी."

शेठनी विचारलं, कोनले?

"पुनाना कालेजले."

रतिलालशेठ पागोटं मांडीवर काढून बसून राहिले. मग त्यांनी घर कसं आहे विचारलं. आप्पांनी एकेक सांगितलं — भिंती, हेर, चूल, कर्ती बाई, वाटण्या नाहीत. शेठ ऐकत गेले. चहा पिऊन निघताना दादाला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, त्या पुण्याच्या घरात आणखी एक पोर द्यायला जागा असेल तर आमची धाकटी आहे.

२८ जून

बायकांत वादावादी. मुलगी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा बरोबर पाठराखीण लागते. प्रमिला म्हणाली, फुई येईल. भावकीतली दगूबाई म्हणाली, पांढऱ्या कपाळाची पाठराखीण कुठे असते का? वहिनी, जी महिनाभर गप्प होती, ती उठली आणि म्हणाली, "नवरदेव कॉलेज शे. त्याले कपाळ दिसत नही."

वहिनीला मी आज नीट ओळखलं.

२ जुलै

पाठवणी झाली. ओटी भरली, वेशीपर्यंत वाजंत्री! प्रमिला हसत होती. वेशीबाहेर गेल्यावर रडली.

५ जुलै, पुणे

परवा पोचलो. आप्पांनी रेक्टरबाईंना विहीणबाई म्हणून लुगडं पाठवलंय. बाईंनी ते दुसऱ्या दिवशी नेसून मुलींना शिस्तीबद्दल चार शब्द सांगितले.

१३ जुलै

प्रमिला वर्गात जाते. मी तिच्या मागे जाते. पाठराखीण म्हणजे पाठ राखायला नको? मागच्या बाकावर बसते. म्हाताऱ्या मास्तरांना आता सवय झालीय.

२२ जुलै

आज मास्तरांनी शेवटी विचारलं, कुणाला काही शंका? माझा हात वर गेला. माझाच! खाली घ्यायच्या आत ते म्हणाले, "बोला." आणि थांबले.

बोलले मी. काय बोलले ते इथे लिहीत नाही, फार वेडगळ होतं. पण ते थांबले होते.

२७ जुलै

दादा निघाला म्हणे. पाठराखीण कायमची राहत नाही. मुलगी रुळली की पाठराखिणीला घरी न्यायचं असतं. नागपंचमीला मी रनाळ्यात असेन. भाकरी, गोठा, ओटा. प्रमिलाचं झालं, मग मला कशाचं एवढं वाईट वाटतंय? वाटतंय. खूप वाटतंय.

३० जुलै

दादा आला. सतरंजी, गूळ-पाणी. रेक्टरबाई आप्पांनी पाठवलेलं तेच लुगडं नेसून आल्या आणि त्याच्यापुढे सुपारी ठेवली. म्हणाल्या, आमच्याकडे मोठ्या बायकांचा वर्ग आहे, पुढे मास्तरीण होता येतं. तुमच्या बहिणीला आम्ही मागणी घालतो.

दादा सुपारीकडे बघत राहिला. गाव, भाऊबंद, माझं कपाळ, सगळं त्याच्या तोंडावरून गेलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "घर दखेल शे."

मी विचारलं, आनि नवरदेव?

"तो तू दखेल शे ना?"

आणि थांबला. माझा भाऊ माझ्यापुढे थांबला.

हो, म्हटलं. या खेपेला मी पाहिलाय.

सुपारी मीच फोडली.